सल्ला हवा: नोकरी नागपुरात आणि घर सिंदी (रेल्वे) येथे, रोजचे अपडाऊन झेपेल काय?

अजनीचा_कारकून
नमस्कार मंडळी. माझे कार्यालय अजनी स्थानकापासून पायी दहा मिनिटांवर आहे आणि सध्या आम्ही शहरातच दोन खोल्यांत भाड्याने राहतो. आईचे वय ७१ आहे आणि तिला दमा आहे. आमच्या डोक्यावरची स्लॅब मे महिन्यात रात्री बारापर्यंत तापलेली असते आणि खालच्या चौकातले भोंगे पहाटेपर्यंत थांबत नाहीत, म्हणून बुटीबोरी, सिंदी किंवा सेवाग्राम यांपैकी एखाद्या शांत ठिकाणी बिऱ्हाड हलवून आपण गाडीने ये-जा करावी, असे मनात आहे. मुलगी सहावीत शिकते. भाड्यासाठी दरमहा सहा हजार रुपये आहेत, त्याहून अधिक नाहीत. विकत घेण्याचा तर विचारही नाही. माझ्याकडे फक्त एक स्कूटर आहे. ज्यांनी स्वतः असे दिवस काढले आहेत त्यांनी कृपया लिहावे.

पासधारक_सेलूरोड
भाऊ, मी चौदा वर्षे सेलू रोड ते नागपूर अपडाऊन केले आहे आणि त्यात कार्यालयात उशिरा पोचल्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतके आहेत. मासिक पास काढू नका. तीन महिन्यांचा पास मासिक पासाच्या २.७ पटीत मिळतो आणि दर महिन्याला खिडकीपुढे उभे राहण्याची कटकट वाचते. पासावर आरक्षित डब्यात चढू नये आणि सुपरफास्ट गाडीचा अधिभार भरलेला नसेल तर तिच्याकडे पाहूही नये, कारण तिकीट तपासनीस वऱ्हाडी आहे म्हणून दंड माफ होत नसतो. बाकी डब्यात आमची मंडळी ठरलेली असतात, गुडघ्यांवर बॅग ठेवून पत्ते होतात आणि वेळ कसा जातो ते कळत नाही.

काळी_माती
भाडे म्हणजे दुसऱ्याच्या घराचे हप्ते आपण भरणे होय. मी २०१६ मध्ये बुटीबोरीच्या पुढे दीड हजार चौरस फुटांचा भूखंड घेतला आणि आज त्याचा भाव विचारायला लोक घरी येतात. तुम्हीही थोडे कर्ज काढून असाच एखादा घ्यावा. मात्र घेताना तो अकृषक झाला आहे काय ते सातबारावर स्वतः पाहा, कारण मला ज्या माणसाने लेआउट दाखवला त्याने उद्यानाची जागाच दोघांना विकली होती. बांधकाम करताना काळ्या मातीला विसरू नका: ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे पाया वरवरचा ठेवला की भिंती फाटतात. माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या भेगेत आता रुपयाचे नाणे उभे राहते, पण ते गवंड्याचे पाप आहे, भूखंडाचे नव्हे.

अजनीचा_कारकून
काका, आपण सांगितलेली काळजी उपयोगाची आहे, परंतु मी भाड्याच्या घराविषयी विचारले होते.

निवृत्त_गार्ड
आमच्या पदाला २०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणतात, तरी मी गार्ड म्हणूनच निवृत्त झालो आणि गार्डच राहीन. चौदा वर्षांत उशीर झालाच नाही असे म्हणणाऱ्या पासधारकांना माझा नमस्कार. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही मुख्य मार्ग वर्धा-सेवाग्रामपासून नागपूरपर्यंत एकत्र धावतात, म्हणजे या पाऊणशे किलोमीटरच्या पट्ट्यावर चार दिशांच्या मेल-एक्स्प्रेस आणि त्यांच्या मागे कोळशाच्या मालगाड्या येतात. एखादी लांब पल्ल्याची गाडी मागून आली की तुमच्या पॅसेंजरला लूपला, म्हणजे बाजूच्या रुळावर, घेतात आणि ती पुढे निघून जाईपर्यंत तुम्ही बोरखेडीच्या फलाटावरची कडुलिंबे मोजत बसता. यात कोणाचा दोष नाही, रूळच तेवढे आहेत. म्हणून तर तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाचे काम काढले. सिंदी अंतराने सुमारे पन्नास किलोमीटर आहे, पण प्रवास किलोमीटरमध्ये मोजू नका. सकाळी घराचे दार लावल्यापासून कार्यालयाची खुर्ची ओढेपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा आणि त्यात अर्धा तास आऊटरचा, म्हणजे स्थानकाबाहेर सिग्नलला थांबण्याचा, धरा. गाडी चुकली तर पुढची केव्हा आहे, हे ठाऊक असल्याशिवाय घरमालकाला आगाऊ रक्कम देऊ नका.

उमरेडकर
तुम्हाला निदान लूपला थांबायला गाडी तरी आहे. आमची इतवारी–नागभीड नॅरोगेज ब्रॉडगेज करण्यासाठी २०१९ मध्ये बंद झाली आणि भिवापूर-कुहीकडच्या लोकांची पहाट बस स्थानकावर उजाडू लागली. तरीही मी उमरेड सुचवीन, कारण एसटीच्या मासिक पासाला वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो आणि घरातल्या बायांना १७ मार्च २०२३ पासून अर्धेच तिकीट आहे. मी तर म्हणतो, रेल्वेचा नाद सोडून द्यावा.

पासधारक_सेलूरोड
भाऊंनी तीन गावांची नावे दिली आहेत आणि त्यांत उमरेड नाही. शिवाय एसटीचा पास कितीही स्वस्त म्हटला तरी रेल्वेच्या पासाच्या जवळपास येत नाही. गार्डसाहेबांना इतकेच सांगतो की मी उशीर झाला नाही असे लिहिलेले नसून बोटांवर मोजण्याइतका झाला असे लिहिले आहे.

समृद्धीवाला
एवढी चर्चा कशासाठी, तेच कळत नाही. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाल्यापासून मी वर्ध्याकडून माझ्या गाडीने नागपूरला येतो आणि वातानुकूलन लावले की मे महिना जाणवत नाही. पथकर आणि पेट्रोल धरून परवडते.

निवृत्त_गार्ड
त्यांच्याकडे स्कूटर आहे आणि समृद्धीवर दुचाकीला मज्जाव आहे. धागा वरपासून वाचून मगच उत्तर लिहिण्याची पद्धत चांगली असते.

सिंदीची_सून
मी अठरा वर्षे सिंदीत नांदते आहे आणि माझे यजमान नागपूरला जातात, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते. अपडाऊन करणाऱ्याला गाव दिसतच नाही. तो अंधारात निघतो आणि दिवेलागणीनंतर येतो. गावात राहतो तो घरी असणारा माणूस. तेव्हा भाऊ, हा प्रश्न तुम्हाला झेपेल काय असा नसून तुमच्या आईला आणि मंडळींना दिवसभर कसे वाटेल, असा आहे. डबा पाच वाजता तयार लागतो, म्हणजे कोणीतरी साडेतीनला उठते, आणि या धाग्यावर त्या उठणाऱ्या बाईचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही.

शांततेविषयीही एक गोष्ट सांगते. भोंगे इथे नाहीत, दुपारी दोन वाजता गल्लीत कबुतराच्या पंखांचा आवाज ऐकू येतो, परंतु स्थानकाजवळ घर घेतले तर रात्री मालगाडी जाताना मांडणीवरचे स्टीलचे डबे किणकिणतात. पहिले दोन महिने मी उठून ते डबे एकमेकांपासून दूर सरकवीत असे. आता गाडी आली नाही तरच जाग येते.

स्लॅबचे घर घेतलेत तर इथेही तेच तापणे आहे. कवेलूचे, म्हणजे मातीच्या कौलांचे, जुने घर थंड असते आणि सहा हजारांच्या आत मिळते, मात्र वानरांची टोळी वरून गेली की कवेलू फुटतात आणि मृगाच्या आधी छत फेरावेच लागते, म्हणजे कवेलू काढून पुन्हा रचावे लागतात. त्याचा खर्च कोण देणार हे आधी ठरवून घ्या. कूलरला पाणी फार लागते, म्हणून नळ किती दिवसांआड येतो आणि आवारात विहीर आहे काय, हे घरमालकाला न विचारता शेजारणीला विचारा. रात्री डॉक्टर मिळेलच असे धरून चालू नका. दमा अचानक वाढला तर आम्ही रुग्णाला नागपूरकडे न नेता सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेतो. आणि तान्ह्या पोळ्याला मुलीला लाकडी नंदी घेऊन नक्की पाठवा, इथे माणसाहून उंच नंदी निघतात.

काळी_माती
कवेलूच्या घरात वृद्ध माणसाला ठेवणे योग्य नाही. धूळ गळते, विंचू निघतात, आणि दम्याला धूळ म्हणजे विष. बुटीबोरीला भूखंड घ्या.

एमआयडीसीवाला
वर सगळ्यांनी म्हटलेच आहे, तरी मीही सांगतो की बुटीबोरीच घ्यावे. अंतर निम्मे आहे, दवाखाने आहेत, शाळा आहेत. आता औद्योगिक वसाहतीमुळे रात्रपाळीच्या बसेस चालतात, ट्रकांची वर्दळ असते आणि वारा पडला की हवेला वास येतो, पण माणूस सवयीने सगळे सहन करतो. सहा हजारांत मात्र मिळणार नाही, नऊ धरून चाला.

अजनीचा_कारकून
सर्वांचे आभार. गार्डसाहेबांचे ऐकून मी घर बदलण्याआधीच सिंदीचा मासिक पास काढला आणि सव्वीस दिवस उलटा प्रवास करून पाहिला, म्हणजे पहाटे नागपूरहून सिंदीला जाऊन तिथूनच कार्यालयाची गाडी धरली. त्यांपैकी सात दिवस मला कार्यालयात उशीर झाला आणि एकदा साहेबांनी लेखी खुलासा मागितला. हिशेबाने पाहता आपल्यापैकी बहुतेकांचे म्हणणे बरोबर आहे आणि बुटीबोरीच शहाणपणाचे ठरते.

तरीही मागच्या रविवारी आईला सोबत नेऊन सिंदीत कवेलूचे घर पाहिले. भाडे साडेचार हजार आहे, स्थानक पायी वीस मिनिटांवर आहे आणि छत फेरण्याचा खर्च अर्धा-अर्धा ठरला आहे. विहिरीला कठडा आहे आणि पाणी तेरा हातांवर आहे. शेजारणीनेच दोर सोडून दाखवले. धुळीचा मुद्दा मनात होता, म्हणून छताखाली जाड कापडी चांदवा ताणून घेणार आहे. आई छपरीतल्या बाजेवर बसली आणि आम्ही घरमालकाशी बोलेपर्यंत तिला झोप लागली. दुपारचा एक वाजला होता आणि पंखाही सुरू नव्हता.

डबा मी कार्यालयाजवळच्या खानावळीत लावला आहे. मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला सोमवारी मिळेल. काळी माती काकांना विनंती आहे की विंचवावर काय उपाय करतात तेवढे लिहावे.

काळी_माती
चुन्याने भिंतीच्या सांदी बुजवा, खाटेचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा आणि जोडा झटकल्याशिवाय पायात घालू नका. कोणाला डंख झालाच तर मंत्र-तंत्रात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा. भूखंडाचे मात्र लक्षात असू द्या, माझ्या शेजारचाच विकायचा आहे.