सेवांच्या सीमा विभागांनुसार आखाव्यात का?

प्रश्न: विक्री, लेखा आणि गोदाम यांच्या स्वतंत्र प्रणाली सेवाधारित रचनेत (म्हणजे नेटवर्कवरून एकमेकींना वापरणाऱ्या स्वतंत्र सेवांच्या रूपात) आणताना प्रत्येक विभागासाठी एक सेवा पुरेशी ठरेल का?

उत्तर १: माझ्या मते नाही, कारण विभाग प्रत्येक पुनर्रचनेत बदलतात. २०११ मध्ये आलेल्या बीपीएमएन २.० या कामाचे टप्पे आकृतीत मांडण्याच्या चिन्हपद्धतीत मागणीपासून वसुलीपर्यंतचा प्रवाह रेखाटला, की ग्राहकाची तीच माहिती कुठे कुठे पुन्हा लिहिली जाते ते दिसते आणि सेवेची सीमा बहुधा तिथेच सापडते.

उत्तर २: सहमत, मात्र आकृतीतील प्रत्येक चौकटीची सेवा करू नये, अन्यथा एका मागणीसाठी नेटवर्कवर असंख्य फेऱ्या होतात. संदेशाची रचना, त्रुटींचे संकेत आणि आवृत्ती यांचा करार सोएएमएल या सेवांचे प्रारूप मांडण्याच्या भाषेत आधी मांडावा.

प्रश्नकर्ता: ग्राहकाचा भरणा फसला, तर राखून ठेवलेल्या साठ्याचे काय?

उत्तर २: सर्व सेवांवर एकच व्यवहार (सगळे पूर्ण, नाहीतर सगळे रद्द) लादण्याऐवजी साठा मोकळा करणारी भरपाईची क्रिया प्रारूपातच दाखवावी.