मदत हवी आहे: ईडीक्यूएम आणि आरएक्सनॉर्ममधील औषधरूपांची जुळवणी

नमस्कार. ईडीक्यूएम या औषधांच्या गुणवत्तेची मानके ठरवणाऱ्या युरोपीय संस्थेच्या प्रमाणित औषधरूप-संज्ञा (औषध गोळी, सिरप अशा कोणत्या रूपात आहे हे सांगणारी नावे) अमेरिकेच्या आरएक्सनॉर्मशी, म्हणजे तिथल्या औषधांच्या प्रमाणित नावांच्या संग्रहाशी, जोडण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. ईडीक्यूएममध्ये साधी गोळी आणि फिल्म-कोटेड गोळी या दोन वेगळ्या संज्ञा आहेत, तर आरएक्सनॉर्ममध्ये दोन्ही ‘ओरल टॅब्लेट’मध्येच मोडतात, त्या दिशेने जाताना आवरणाची माहिती गळते, तेवढे एक वेळ चालेल. खरी अडचण उलट दिशेची आहे: आरएक्सनॉर्ममधील ‘डिलेड रिलीज ओरल टॅब्लेट’ (औषध उशिरा सोडणारी गोळी) ही थेट ईडीक्यूएमच्या ‘गॅस्ट्रो-रेझिस्टंट टॅब्लेट’ला (जठरात न विरघळणारी गोळी) जोडावी, की ‘मॉडिफाइड-रिलीज टॅब्लेट’ला (औषध सुटण्याची वेळ किंवा वेग बदललेली गोळी)? स्नोमेड सीटी या वैद्यकीय संज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संग्रहामध्ये मूळ रूप, वापराचे स्थान आणि औषध सुटण्याची पद्धत हे गुणधर्म स्वतंत्रपणे नोंदवता येत असल्याने, स्नोमेड सीटीला मधला दुवा मानून कोणी जुळवणी केली आहे का? तसेच अशा जोड्यांना आपण ‘समान’ म्हणता, की ‘अधिक व्यापक’ अशी नोंद ठेवता?