झोपेनबुर्गच्या पलटणीला निशाण हवंय, विनोदी पण पोरकट नको

गोधडीवाला:
नमस्कार मंडळी. लॉकडाऊनमध्ये टेबलावर फासे टाकून लढाया खेळायला २८ मिमी उंचीचे प्लॅस्टिकचे सैनिक रंगवायला घेतले ते व्यसन काही सुटलं नाही. काळ सप्तवार्षिक युद्धाचा, १७५६ ते १७६३, पण खरा प्रशिया नि खरा ऑस्ट्रिया घेतला की कोटाच्या बटणांवरून वाद सुरू होतात, म्हणून मी आणि माझ्या मित्राने दोन खोटेच देश काढले. माझं झोपेनबुर्ग, जर्मनीत कुठल्यातरी डोंगराआड आहे, तिथला ड्यूक दुपारी एक ते चार कुणाला भेटत नाही (पुणेकरांनी मनावर घेऊ नये). तर पहिल्या पलटणीला निशाण केलं, त्यावर घोरणारं गाढव आणि मोठ्ठ्या अक्षरात घुर्रर्र. पहिल्या दिवशी आम्ही दोघं पोट धरून हसलो, तिसऱ्या रविवारी मलाच बघवेना, आणि एवढ्या मेहनतीने रंगवलेले २४ शिपाई त्या झेंड्याखाली अगदी बापुडवाणे दिसतात. अजून दोन पलटणी बाकी आहेत. काय चुकलं?

दुरून_डोंगर:
गाढव चुकलं नाही, ते ओरडतंय ते चुकलं. माझा एकच नियम आहे, दुरून डोंगर साजरे. तीन फुटांवरून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की व्वा, काय खानदानी निशाण आहे, आणि फासे उचलायला वाकला की त्याला कळलं पाहिजे की सिंहाच्या हातात तलवार नाही, लाटणं आहे. म्हणजे बाकी सगळं खऱ्यासारखं करायचं आणि खोटेपणा एकाच जागी ठेवायचा, दोन विनोद घातलेस की दोन्ही मेले.

आणि नावावरची कोटी हा त्या लोकांचा जुनाच धंदा आहे बरं का, आपल्याला वाटतं आपणच शोध लावला. बर्नच्या निशाणावर अस्वल (जर्मनमध्ये बेअर), बर्लिनच्याही अस्वल, स्पेनमधल्या कॅस्टिलचा कॅसल, लेऑनचा लायन, इंग्लंडच्या दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या आईचं माहेर बोझ-लायन तर त्यांच्या चिन्हात धनुष्यं आणि सिंह. याला कँटिंग आर्म्स म्हणतात आणि हे सगळं अगदी गंभीर चेहऱ्याने चालतं. मग झोपेनबुर्गला निळ्यावर तीन पांढऱ्या उशा दे, दोन वर एक खाली, त्यांची नेहमीची मांडणी तीच. कुणी विचारलं तर सांगायचं की ड्यूकच्या पणजोबांनी वेढ्यात तीन उशांवर शहर राखलं. फक्त पिवळं पांढऱ्यावर किंवा काळं निळ्यावर ठेवू नकोस. सोनं-चांदी, म्हणजे पिवळं-पांढरं, एका गटात आणि बाकी रंग दुसऱ्या, एका गटातलं त्याच गटातल्यावर चढवायचं नाही असा त्यांचा नियम आहे, आणि तो मुळात लांबून ओळखू यावं म्हणूनच आहे. आपल्या टेबलावर तर फारच उपयोगी.

तुझ्या नावावरून आठवलं, फ्रेंच पलटणींचं बघ, मध्ये पांढरा क्रॉस आणि चार कोपऱ्यांत पलटणीचे रंग. त्या चार कोपऱ्यांत गोधडीचे तुकडे भर, टाके दाखव, बाकी काही करू नकोस.

संत्रा_बर्फी:
नागपुरातून बोलतोय भौ, इथं मे महिन्यात सैनिक रंगवायला बसलं की प्रायमर डबीतच वाळते. आमच्याकडचं निशाण सांगतो. प्रशियाच्या पहिल्या फ्रेडरिक विल्यमच्या काळी निशाणावर गरुड सूर्याकडे झेपावतो आणि पट्टीवर लिहिलेलं असते नॉन सोली सेदित, म्हणजे हा सूर्यालाही हटत नाही. सूर्य म्हणजे चौदावा लुई, फ्रेंचांना टोमणा. मी त्यातलं नॉन काढलं. सोली सेदित, उन्हापुढे माघार, आन गरुडाच्या पंजात छत्री. बाकी सूर्य, किरणं, सोनेरी काठ सगळं जसंच्या तसं. ज्याला लॅटिन येते तो हसते, ज्याला नाही येत तो छत्री पाहून हसते.

फुगेवाला:
बोधवाक्यासाठी माझं घ्या, फुकट आहे. प्रिमी इन फुगा. लॅटिनमध्ये पळून जाण्यात पहिले, आणि आपण मराठी माणसं वाचतो फुगा, म्हणून सिंहाच्या हातात लाल फुगा. इंग्लंडमधल्या मित्राला अर्धाच विनोद कळतो, तरी त्याला निशाण आवडलंय.

बटण_मोजणारा:
फुगा १७५६ मध्ये? माँगोल्फिए बंधूंनी पहिला मोठा फुगा लोकांसमोर उडवला तोच १७८३ मध्ये, आणि रबरी फुगा तर १८२४ चा, फॅरेडेचा. काल्पनिक देश म्हणजे काहीही का?

फुगेवाला:
आलात? वाटच बघत होतो. डुकराचं फुगवलेलं मूत्राशय, काठीला बांधलेलं, दरबारी विदूषकाच्या हातात असायचं, त्याहून शेकडो वर्षं आधीपासून. आता लाल का ते विचारू नका.

काडी_खराट्याची:
विनोद झाले, आता कामाचं. तेव्हाचं ब्रिटिश निशाण साधारण ६ फूट चौरस, म्हणजे २८ मिमीच्या सैनिकाला ३३ मिमी. एवढ्यात पट्टीवर तेरा-चौदा अक्षरांपलीकडे काही वाचता येत नाही. दोन्ही बाजू एकाच कागदावर शेजारी शेजारी, मध्ये काठीची घडी. प्राण्याचं तोंड दोन्हीकडून काठीकडे पाहिजे म्हणून चित्र उलटं करायचं पण अक्षरं उलटी करायची नाहीत, हे मी ठळक लिहितोय कारण माझ्या एका पलटणीचं बोधवाक्य एका बाजूने आरशातच वाचता येतं. प्रिंट लेझरची घ्या, इंकजेटची शाई फेविकॉलच्या ओलाव्याने पसरते. फेविकॉल ओला असतानाच पेन्सिलीवर गुंडाळून लाटा काढा. वाळल्यावर कडेने कागदाचा पांढरा दिसतो तिथे त्याच रंगाचा ब्रश फिरवायचा. काठीला १ मिमीची पितळी तार, नाहीतर माझ्या नावात आहे ती.

किल्ला_दरवर्षी:
गंमत म्हणून ठीक, पण दिवाळीच्या किल्ल्यावरच्या मावळ्यांच्या झेंड्याशी हे प्रकार करू नका एवढंच. पुतण्याने विचारलं होतं, मी नाही म्हटलं.

दुरून_डोंगर:
बरोबर. खऱ्याला हात लावायचा नाही म्हणून तर खोटे देश काढतो आपण. आणि हे वेडही नवीन नाही, १८२६ मध्ये इंग्लंडात, पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेल्या ब्राँटे बहिणी आणि त्यांचा भाऊ यांच्या वडिलांनी लीड्सहून बारा लाकडी शिपाई आणले आणि त्या पोरांनी त्यातून आख्खी राज्यं उभी केली.

गोधडीवाला:
सगळ्यांचे आभार, गाढवाला पेन्शन दिली. गोधडी पहिल्या पलटणीला, तीन उशा दुसरीला, आणि तिसरीला संत्रा_बर्फी दादांची परवानगी गृहीत धरून छत्रीवाला गरुड. लेझरची प्रिंट, अक्षरं दोनदा तपासली. पण रविवारी भलतंच झालं. सोली सेदितवाले, ज्यांना मी मुद्दाम डाव्या बगलेला पळण्यासाठी उभं केलं होतं, त्यांनी घोडदळाचे दोन हल्ले परतवले आणि संध्याकाळपर्यंत जागचे हलले नाहीत, फासे काय पडत होते राव. उशावाले मात्र पहिल्या तोफेला गेले. आता मित्र हट्टाला पेटलाय की त्यांनी नॉन कमावलंय, ते पट्टीवर परत लिहिलंच पाहिजे. पट्टीवर तीन अक्षरांची जागा ठेवलेली नाही. छत्री काढू का?