ओव्हरक्लॉक केलेल्या संगणकावर फक्त दुपारीच गेम बंद पडतो. तीन हजारांच्या आत काय करावे?

औसा_रोड (लातूर)
नमस्कार मंडळी. माझा संगणक दोन वर्षांपूर्वी सुटे भाग आणून मी स्वतः जोडलेला आहे. प्रोसेसर रायझन ५ ५६००, ग्राफिक्स कार्ड जीटीएक्स १६६० सुपर, ५५० वॅटचा एसएमपीएस (आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा) आणि ३६०० वेगाची रॅम. फेब्रुवारीत मी ओव्हरक्लॉक करून, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर नेऊन, प्रोसेसरचे सहाही कोअर १.३५ व्होल्टवर ४.६ गिगाहर्ट्झला बांधून टाकले आणि एप्रिल संपेपर्यंत एकदाही तक्रार आली नाही. मे लागल्यापासून मात्र दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान कोणताही मोठा गेम वीस-पंचवीस मिनिटांत काहीही न सांगता बंद होतो आणि समोर नुसता डेस्कटॉप उरतो. रात्री अकरानंतर तोच गेम तीन-तीन तास चालतो. प्रोसेसरचे तापमान दुपारी ८३ अंशांपर्यंत जाते. माझ्याजवळ तीन हजार रुपये आहेत, त्यावर एक रुपयाही नाही. कूलर बदलावा की आणखी काही तपासावे?

बीड_बायपास (छत्रपती संभाजीनगर)
कूलरच्या नादी लागू नका, एसएमपीएस बदला. माझाही संगणक असाच बंद पडत होता. मी सरळ ८५० वॅटचा गोल्ड दर्जाचा एसएमपीएस साडेनऊ हजारांना आणला आणि तेव्हापासून आजतागायत त्रास नाही. तीन हजारांत चांगला एसएमपीएस मिळत नाही, म्हणून थोडे थांबा, पैसे साठवा आणि एकदाच चांगली वस्तू घ्या.

परभणीकर
कूलर बदलण्याची गरज नाही, त्यातला वाळा बदलावा. आमच्याकडे बोअरचे पाणी इतके क्षारयुक्त आहे की एका उन्हाळ्यात वाळ्यावर पांढरा थर धरतो आणि हवा येणेच बंद होते. दोन-अडीचशे रुपयांत काम होते. मात्र कूलरचे तोंड थेट संगणकाकडे करू नये, कारण दमट हवेने धूळ आत चिकटून बसते.

औसा_रोड (लातूर)
परभणीकर दादा, मी प्रोसेसरवर बसवतात त्या कूलरबद्दल विचारत होतो. तरी खोलीतल्या कूलरचा वाळा खरोखरच बदलायला झाला आहे, ते लक्षात आणून दिल्याबद्दल आभार.

उदगीर_गेमर
प्रोसेसरसाठी पाण्यावर चालणारा कूलर घ्यावा. मी तीन पंख्यांचा घेतला असून भर मे महिन्यात माझा प्रोसेसर ६५ अंशांच्या वर गेलेला नाही. किंमत नऊ हजार पडली, पण रंगीत दिव्यांसह जे काही दिसते, त्यापुढे पैशांचे वाईट वाटत नाही. छायाचित्र हवे असल्यास टाकतो.

मोंढा_नाका (नांदेड)
ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या माणसाला आपण पाण्याचा कूलर सुचवत आहात. थट्टा सोडा, पण त्यांनी तीन हजार म्हटले आहे, ते कोणी वाचले आहे का?

उदगीर_गेमर
त्या कूलरमध्ये पाणी एकदाच कारखान्यात भरलेले असते, ते रोज ओतावे लागत नाही. माहिती नसताना बोलू नये.

हिंगोली_दुरुस्ती
मी बारा वर्षे संगणक दुरुस्त करतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. गेम बंद पडतो पण विंडोज जिवंत राहते, ही या साऱ्या हकिकतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. एसएमपीएस कमी पडला तर बहुतेक वेळा अख्खा संगणकच क्षणात बंद होतो किंवा आपोआप पुन्हा सुरू होतो. गेम तेवढा निवडून मारायला एसएमपीएसला गेम ओळखता येत नाही. ग्राफिक्स कार्ड १२५ वॅटचे आहे, प्रोसेसर ओव्हरक्लॉक करूनही फार तर तेवढेच घेईल, त्यामुळे ५५० वॅट पुष्कळ झाले. ८३ अंश तापमान मला आवडत नाही, पण या प्रोसेसरची मर्यादा ९० अंशांची आहे आणि ती ओलांडली तर तो आधी वेग कमी करतो.

आता संशय उरतो तो ओव्हरक्लॉकवर, आणि ओव्हरक्लॉक म्हणजे फक्त ४.६ गिगाहर्ट्झ नव्हे. या प्रोसेसरला कंपनीने दिलेला रॅमचा अधिकृत वेग ३२०० आहे. खोक्यावर ३६०० छापलेले असले तरी बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तो छापील वेग लावणारी सोय, चालू करणे हेही ओव्हरक्लॉकच असते. म्हणून बायोसमध्ये सर्व काही मूळ स्थितीवर न्यावे आणि दुपारी तीन वाजता, म्हणजे जेव्हा बिघाड होतो त्याच वेळी, तासभर खेळून पाहावे. ठीक चालले तर फक्त रॅमचा वेग वाढवून दुसऱ्या दिवशी तीच परीक्षा, आणि तिसऱ्या दिवशी फक्त प्रोसेसरचा. दोन्ही एकदम बदलले तर काहीच कळत नाही. शिवाय इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची बिघाडांची नोंदवही) उघडून पाहावे: व्हिया-लॉगरची, म्हणजे हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या भागाची, १८ क्रमांकाची नोंद असेल तर प्रोसेसरला व्होल्टेज कमी पडत असण्याची शक्यता मोठी. रॅमसाठी पेन ड्राइव्हवर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) घालून चार फेऱ्या पूर्ण होऊ द्याव्यात. एकही चूक दिसली तर तीही जास्तच समजावी. या सर्वाला खर्च शून्य रुपये.

बीड_बायपास (छत्रपती संभाजीनगर)
एसएमपीएस जुना झाला की त्याची ताकद कमी होते, हे हिंगोलीच्या साहेबांनी लिहिलेले नाही. मी अजूनही एसएमपीएसच म्हणेन.

काळी_माती (सेलू)
वीज निघालीच आहे तर सांगतो की उन्हाळ्यात आधी अर्थिंग पाहावे. आमच्या काळ्या रानात मे महिन्यात जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. मी रोज संध्याकाळी खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो. गेमशी याचा संबंध असेल किंवा नसेलही, पण जीव वाचतो.

सिडको_एन६
इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरांवरही गेम असेच बंद पडत होते आणि २०२४ साली कंपनीला त्यासाठी नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) द्यावा लागला. आपणही बायोस अद्ययावत करून पाहावे.

मोंढा_नाका (नांदेड)
त्यांचा प्रोसेसर एएमडीचा आहे. त्या मायक्रोकोडचा येथे काडीचाही संबंध नाही. आणि ज्या संगणकाचा वेग अस्थिर आहे, त्यावर बायोस चढवताना मध्येच तो अडकला तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. चढवायचाच असेल तर आधी ओव्हरक्लॉक काढावे आणि भारनियमनाची वेळ पाहून घ्यावी.

औसा_रोड (लातूर)
हिंगोलीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे तीन दिवस परीक्षा केली. सर्व मूळ स्थितीवर: तासभर काही झाले नाही. फक्त रॅम ३६०० वर: अठराव्या मिनिटाला गेम बंद. फक्त प्रोसेसर ४.६ वर: दीड तास खेळलो, काही झाले नाही. व्हिया-लॉगरची एकही नोंद नाही. मेमटेस्ट रात्री लावला तेव्हा चारही फेऱ्या स्वच्छ गेल्या, पण दुपारी लावला तर दुसऱ्याच फेरीत लाल ओळी उमटल्या.

एक गोष्ट सांगायची राहून गेली होती. मार्चमध्ये मावसभावाने त्याच्या जुन्या संगणकातल्या रॅमच्या दोन पट्ट्या दिल्या होत्या, त्या मी माझ्या दोन पट्ट्यांशेजारी लावल्या. त्या वेगळ्या कंपनीच्या आहेत.

हिंगोली_दुरुस्ती
हे पहिल्या ओळीत लिहिले असते तर माझे अर्धे लिखाण वाचले असते. चार पट्ट्या लावल्या की अधिकृत वेग ३२०० च्याही खाली येतो, आणि त्या वेगवेगळ्या जातीच्या असतील तर ३६०० वर त्या चालल्या हेच नवल. रात्रीच्या गारव्यात जेमतेम निभावत होते, दुपारच्या उष्णतेने ती उरलीसुरली सवड खाऊन टाकली. भावाच्या दोन पट्ट्या काढा, मग मेमटेस्ट दुपारीच लावा. आणि प्रोसेसरही मूळ वेगावर न्या, ४.४ पर्यंत तो आपला आपण जातो, वरच्या ०.२ साठी एवढी उष्णता अंगावर घेण्यात अर्थ नाही. गेमच्या सेव्ह फाइल आणि कामाची कागदपत्रे दुसरीकडे उतरवून ठेवा, कारण बिघडलेली रॅम चुकीचा मजकूर गुपचूप डिस्कवर लिहिते.

औसा_रोड (लातूर)
सेव्ह फाइल उतरवून घेतल्या. पट्ट्या मात्र चारही ठेवल्या आहेत, कारण १६ जीबीमध्ये माझे व्हिडिओ संपादनाचे काम अडते. वेग २६६६ वर आणला आणि काल दुपारी मेमटेस्टच्या चारही फेऱ्या स्वच्छ गेल्या. प्रोसेसर ४.६ वरच राहू देतो, त्याने माझे काही बिघडवलेले नाही. तीन हजारांपैकी अडीचशे रुपयांचा वाळा आणला, खोली खरोखर गार झाली.

परभणीकर
मी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

बीड_बायपास (छत्रपती संभाजीनगर)
म्हणजे एसएमपीएस बदललाच नाही?