'पै' या शब्दाबद्दल मदत हवी आहे
मंडळी, आजोबांच्या जुन्या कीर्दवहीत पानोपानी रु., आ., पै असे तीन रकाने आहेत. हिशेब लागला: 12 पै म्हणजे 1 आणा, 16 आणे म्हणजे 1 रुपया. रुपयाच्या 192 पै! (बेरजा करताना त्यांचं डोकं कसं चालायचं कोण जाणे.) 1957 साली दशमान नाणी आली, तरी 'पै न पै चुकती केली' आपण अजून म्हणतोच.

अडलंय ते व्युत्पत्तीपाशी. संस्कृत 'पाद', म्हणजे चौथा हिस्सा, त्यावरून 'पै' आली असं वाचलं. पण ही पै तर जुन्या पैशाचा (4 पैसे म्हणजे 1 आणा) तिसरा हिस्सा! मग पाव कशाचा? आणि 'पै-पाहुणे'मधला पै कुठला? ज्ञानेश्वरीतलं 'पैं' हे जोर देणारं अव्यय, ते वेगळं. जाणकारांनी सांगावं.