अनुभव धागा: उदास दिवस आणि श्वास

चिंचपोकळीकर
काल माळा आवरताना २०१९ची फाईल सापडली. चिठ्ठीच्या पाठीमागे डॉक्टरबाईंनी पेनाने एक डोंगर काढलेला. चढावर ४, उतारावर ६. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. तेव्हा दात घासायलाही उठवत नव्हतं. मनात म्हटलं, एवढी फी घेऊन श्वास घ्यायला सांगतात! गोळ्या सुरू होत्याच, पण गुण यायला तीनेक आठवडे गेले. तेवढे दिवस त्या उतारावर काढले. तुमचंही सांगा.

दोनडबे
सायन-कुर्ल्याच्या मध्ये गाडी थांबली, छातीत धडधड. अटॅकच समजलो. भराभर श्वास घेतले तर बोटांना मुंग्या, ओठ बधिर. शेजारचे काका म्हणाले, "अरे आधी सोड. सोडल्याशिवाय आत कुठे मावणार?" नंतर कळलं, भराभर घेतल्याने अंगातला कार्बन डायऑक्साइड घटतो, मुंग्या त्याच्या. आता विंडोला बसलो की आधी सोडतो.

मनीमाऊ
विंडो?? कुठली गाडी ही 😂

दोनडबे
दुपारची. शिफ्ट बदललीय.

सुमीची आई
मला कपालभाती नाही मानवली, धडधड वाढायची. भ्रामरी बरी, भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा. पण चाळीत पहिल्याच दिवशी शेजारच्या वहिनी दारात, "मिक्सर बिघडलाय का हो?"

मनीमाऊ
मेले 😂😂

गप्पच
इथे समोर टॉवर होतोय. दीर्घ श्वास घेतला की सिमेंट.

रातराणी
हसताय ते ठीक, पण माझं वेगळं. घरचे म्हणाले प्राणायाम करतेस ना, मग गोळ्या कशाला. सोडल्या. दोन महिन्यांत परत अंथरुणात, तोंड भिंतीकडे. आता दोन्ही चालू. अनुलोम-विलोम पाच मिनिटं, तेही जमलं तर.

सुमीची आई
रातराणी, बाई गं. जेवतेस ना वेळेवर?

दोनडबे
रात्री-अपरात्री फारच वाटलं तर १४४१६ लाव. सरकारी टेलिमानस, फुकट, चोवीस तास. मराठीत बोलतात. मी लावलाय.

रातराणी
जेवते काकू. नंबर घेतला, थँक्यू.

मनीमाऊ
चिंचपोकळीकर, माळ्याला बाई मिळाली का? नंबर द्या ना.

चिंचपोकळीकर
बाई कसली, मीच चढले स्टुलावर.

सुमीची आई
अगं, स्टूल कुणी धरलं होतं?

चिंचपोकळीकर
लेकाने. एका हाताने. दुसऱ्यात मोबाईल.