मदत हवी आहे: १ ते १० तोंडपाठ, पण ७ मणी मोजले की उत्तर 'सहा'

पाटीपेन्सिल:
बालवर्ग, वयं ४ ते ५. या आठवड्यात १ ते १० मोजणी चालू आहे. म्हणायला सांगितलं की सगळी मुलं घडाघडा २० पर्यंत जातात. पण मणी समोर ठेवले की ५ पर्यंत ठीक, ७ ला 'सहा', ८ ला 'सात'. नेमका एक कमी. मणी ओळीत असतात आणि एकही सुटत नाही, मुलं प्रत्येकावर बोट ठेवतात. शिवाय मोजून झाल्यावर "किती?" विचारलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजतात. काय करावं?

चौकट_दहाची:
नेमका एकच कमी येतोय, म्हणजे घोळ 'सहा'त आहे. एक, दोन, तीन, चार, पाच हे एका झटक्यात म्हणून होतात. 'स-हा'ला दोन ठोके पडतात आणि बोट ठोक्यामागे चालतं. 'स' सहाव्या मण्यावर, 'हा' सातव्यावर, संपले मणी! बोटाकडे बघत ऐका, लगेच दिसेल. 'नऊ' आणि 'दहा'लाही हीच गत.

उपाय: काही दिवस बोट ठेवणं बंद. डावीकडे मण्यांची वाटी, उजवीकडे रिकामा पत्र्याचा डबा. मणी उचलायचा, डब्यात टाकायचा, 'टण्' वाजला की मगच अंक म्हणायचा. उचलण्यात वेळ जातो, त्यामुळे अख्खा 'सहा' एकाच मण्याच्या वाट्याला येतो. सुरुवात ६ आणि ७ पासूनच करा, १ ते ५ मध्ये दिवस घालवू नका. एका वेळी ४ मुलं, ८-१० मिनिटं पुरे. सगळ्या वर्गाने एका सुरात मोजलं तर कोण चुकलं ते कळतच नाही.

मणी_ओवा:
"किती?"चा प्रश्न वेगळा आहे, त्याला डबा पुरणार नाही. गेलमन आणि गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची ५ तत्त्वं मांडली. एका वस्तूला एकच अंक, अंकांचा क्रम ठरलेला, आणि शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या, ही त्यातली पहिली ३. तुमच्या मुलांचं दुसरं पक्कं आहे, पहिलं 'सहा'पाशी अडतंय, तिसरं अजून यायचंय. त्यांच्या लेखी "किती?" म्हणजे "मोज" अशी आज्ञा!

म्हणून मोजून होताच सगळ्या मण्यांभोवती हात फिरवून तुम्हीच म्हणा, "सगळे मिळून सात." मग वर रुमाल टाका आणि विचारा, "खाली किती आहेत?" मणी दिसत नाहीत, म्हणजे पुन्हा मोजायची सोयच नाही. खरी परीक्षा उलटी असते: १० मणी ठेवा आणि म्हणा, "मला ४ दे." मूठभर दिले तर समजा की अजून वेळ आहे. त्यावर रागावून काही होत नाही.

पाटीपेन्सिल:
बोट आणि 'सहा' तपासलं, अगदी तसंच होतंय! आणखी एक: ३ आणि ६ उलटसुलट लिहितात. आणि पुस्तकातली चित्रं कशी मोजून घ्यायची? ती काही उचलता येत नाहीत.

चौकट_दहाची:
३ आणि ६ ही जवळजवळ आरशातली जोडी आहे, ५ वर्षांच्या मुलाने उलटं लिहिणं साहजिक आहे. दोन्ही एकाच दिवशी गिरवायला देऊ नका. ३ पक्का झाल्यावरच ६. ताटात रवाळ वाळू पसरा, बोटाने मोठा अंक काढू द्या. ३ चं पोट उजवीकडे, ६ चं डावीकडे. लिहिण्यातली ही चूक मोजणीच्या चुकांत धरू नका.

मणी_ओवा:
चित्रांसाठी प्रत्येक चित्रावर एक बटण ठेवायला सांगा, मग तीच बटणं डब्यात टाकत मोजा. चित्रं गोलात असतील तर पहिलं बटण वेगळ्या रंगाचं घ्या आणि तिथूनच उचलायला लावा. नाहीतर बटणाशिवाय मोजताना कुठे थांबायचं ते कळत नाही, मुलं फेरी ओलांडून पुढे जातात आणि ६ चे ८ होतात.